मंडळाचा पहिला दिवस

क्षिप्रा सातव्या महिन्यात होती, तरी स्टँडवर मोबाइल लावून, खाली वाकून, विनीताताईंच्या चेहऱ्यावर उजेड नीट पडतोय का ते बघत होती.

"अगं, बस आता खाली," विनीताताई म्हणाल्या. "माझ्या सुरकुत्या दिसल्या काय नि न दिसल्या काय."

"तीस वर्षांचा इतिहास आहे ताई. नीट दिसायला हवा."

पुण्यातल्या 'सरला निवास' या मुलींच्या वसतिगृहात राहिलेल्या बायकांचं सिंगापुरात एक मंडळ होतं. कुणी तिथे ऐंशीच्या दशकात राहून गेलेली, कुणी अगदी परवा-परवापर्यंत. आपल्याआधी राहून गेलेल्या प्रत्येकीला ताई म्हणायचं, ही वसतिगृहातली पद्धत त्यांनी इथेही ठेवली होती. निवासची एखादी मुलगी नोकरीसाठी सिंगापूरला यायची ठरली, की तिला विमानतळावर घ्यायला कुणीतरी जायचं. खोली शोधून द्यायची, पहिला डबा पोचवायचा. आणि दरवर्षी नऊ ऑगस्टला सगळ्याजणी जमायच्या. मंडळाला या वर्षी तीस वर्षं होत होती, म्हणून क्षिप्रा जुन्या बायकांच्या मुलाखती घेऊन एक छोटी फिल्म करत होती. ती चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या आयटी विभागात होती. अशी कामं अंगावर घ्यायची तिला हौस होती.

"हं, सांगा. मंडळ सुरू कसं झालं?"

विनीताताईंनी पदर सारखा केला आणि नेहमीची हकिगत सांगितली. आपण पाचजणी, नव्या-नव्या आलेल्या. पाचजणींत मिळून एकच कुकर, तोही सविताचा, आणि त्याची शिट्टी ती बसमध्ये हरवून बसलेली. मग वरणभात शिजेपर्यंत चार वाजले, भुकेने सगळ्यांचे प्राण कंठाशी आले, आणि तेव्हा ठरलं की दरवर्षी भेटायचं, पण कुकर प्रत्येकीने आपापला आणायचा. क्षिप्रा इतकी हसली की तिला पोट धरावं लागलं.

"आणि नऊ ऑगस्टच का?"

"नॅशनल डे. सगळ्यांना सुट्टी असते म्हणून."

आत स्वयंपाकघरात विनीताताईंचे यजमान, विश्वास, कप विसळत होते. नळ बंद झाला. "मी ब्रेड घेऊन येतो," असं म्हणत ते चप्पल घालून बाहेर पडले. ब्रेड घरात होता. विनीताताईंच्या ते लक्षात आलं, पण समोर मोबाइल चालू होता.

*

जुलैच्या मध्यावर गार्गीचा फोन आला. मंडळाचं काम सध्या गार्गी बघत होती.

"ताई, क्षिप्राचं बाळ गेलं. पोटातच. काल तपासायला गेली तर ठोकेच सापडले नाहीत. आज पहाटे डिलिव्हरी झाली."

विनीताताई चोआ चू कांगच्या बाजारात माशांच्या दुकानासमोर उभ्या होत्या. मागून कुणीतरी "आंटी, एक्स्क्यूज" म्हणत होतं. त्या बाजूला झाल्या.

"ताई, ऐकताय ना?"

"हो गं."

"ग्रुपवर मी नुसतं कळवलं, तर सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी पाठवले. ती ग्रुपमधून बाहेरच पडली. तिच्या नवऱ्याचा, रोहनचा, मेसेज आलाय, कृपया कुणी भेटायला येऊ नका म्हणून. काय करायचं? कार्यक्रम रद्द करू का?"

"मला विचार करू दे," विनीताताई म्हणाल्या.

पण विचार असा काही झालाच नाही. घरी येऊन त्यांनी भाजी ओट्यावर ठेवली आणि खुर्चीत बसून राहिल्या. विश्वासनी विचारलं तेव्हा सांगितलं. ते बराच वेळ खिडकीतून समोरच्या ब्लॉककडे बघत उभे राहिले.

चार-पाच दिवस असेच गेले. मग एका सकाळी चहा पिता पिता विश्वास म्हणाले, "जाऊन येऊ या क्षिप्राकडे."

"नको म्हणालेत ती दोघं."

"मीही नको म्हणालो होतो. सविताला. फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, कुणी येऊ नका, विनीताला कुणाला भेटायचं नाहीये. तरी ती आली."

विनीताताईंनी कप खाली ठेवला. एवढ्या वर्षांत विश्वासनी त्या दिवसांबद्दल आपणहून काढलेला हा पहिला शब्द होता.

"तू असं सांगितलं होतंस तिला?"

"हो. आणि ती आली म्हणून मी तिच्यावर चिडलोही होतो. थोडा वेळ."

विनीताताई उठल्या. फ्रिज उघडून त्यांनी कोबीचा गड्डा काढला, वरची मळकी पानं टाकून दिली आणि गड्डा पिशवीत घातला.

*

चोआ चू कांगहून क्षिप्राचं तांपिनीस म्हणजे बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा प्रवास. जुराँग ईस्टला गाडी बदलली. 

दार रोहनने उघडलं. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. दोघांना बघून तो दारातच आडवा उभा राहिला.

"काकू, सॉरी, पण आम्ही सांगितलं होतं..."

"भेटायला नाही आले रे. कोबी द्यायला आलेय."

रोहनला काही कळेना. विनीताताईंनी आवाज खाली केला. "तिला दूध आलंय का?"

त्याचा चेहरा एकदम उतरला. "खूप. हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं म्हणे, पण आमचं कुणाचं लक्षच नव्हतं. ती कुणाला काही करू देत नाहीये. नुसती रडतेय."

तो बाजूला झाला.

खोलीचे पडदे ओढलेले होते. क्षिप्रा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. छातीवर टॉवेल धरलेला, टीशर्ट ओला. विनीताताई पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांनी "वाईट झालं" म्हटलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही.

"दुखतंय ना? दगडासारखं झालं असेल."

क्षिप्रा वळली. "ताई, याला कळत नाही का?" ती आपल्याच शरीराबद्दल बोलत होती. "बाळ नाहीये हे याला कळत नाही का?"

"नाही कळत. त्याला वेळ लागतो. ताप आहे का? लाल झालंय कुठे?"

"नाही."

"ताप आला तर लगेच डॉक्टर. तोवर पिळून काढायचं नाही, नाहीतर आणखी येतं. कोबीची गार पानं आत ठेवायची, वरून घट्ट कपडा. दोन-तीन दिवसांत उतरतं."

क्षिप्राने त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"सविताताईने केलं होतं मला."

विनीताताईंनी पानं मधल्या शिरेवर लाटणं फिरवून मऊ करून आणली. क्षिप्राने लाजत लाजत टीशर्ट काढला आणि त्यांनी लहान मुलीचं करावं तसं सगळं केलं. वर जुनी सुती ओढणी घट्ट बांधली. क्षिप्राने डोळे मिटले. "गार वाटतंय," ती म्हणाली.

मग विनीताताईंनी सांगितलं. पंचाण्णव साल होतं. दिवस भरत आलेले. अचानक रक्तस्राव सुरू झाला, भूल देऊन घाईघाईने ऑपरेशन केलं. मुलगा झाला. जेमतेम एक दिवस जगला. त्या शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागेपर्यंत तो गेला होता. आठवडाभराने घरी आल्या. आई पुण्यात, सासूबाई आजारी, कुणाला येता येईना. नॅशनल डेची सुट्टी होती, म्हणून निवासच्या चारजणी आल्या. त्या चौघी आधी एकमेकींनाही धड ओळखत नव्हत्या.

"म्हणजे नऊ ऑगस्ट..."

"हो."

"आणि कुकरची शिट्टी?"

"ती खरंच हरवली होती गं. कुणाला काय बोलावं सुचत नव्हतं, म्हणून सविता भाजी निवडायला बसली. चार तास कुणीच घरी जाईना. शेवटी सविता मला न्हाणीघरात घेऊन गेली आणि हेच केलं, जे मी आत्ता तुला केलं. पुढच्या रविवारी त्या परत आल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही. मंडळ असं कुणी काढलं नाही. त्यांनी यायचं थांबवलं नाही, एवढंच."

बाहेर विश्वासचा आवाज आला, "रोहन, खाली जाऊन कॉफी घेऊ या का?" दार लागलं.

"तुम्ही बाळाला पाहिलंत?" क्षिप्राने विचारलं.

"नाही. हॉस्पिटलमधले सगळे म्हणाले नको पाहूस, त्रास होईल. मी ऐकलं."

"मी पाहिलं. नर्स म्हणाली घ्या, तर घेतलं." क्षिप्रा उठून बसली. "ताई, नखं होती त्याला. एवढी एवढीशी. वाढलेली होती, कापायला झालेली. आम्ही त्याचं नाव निहार ठेवणार होतो. तेच ठेवलं."

"सांग ना अजून," विनीताताई म्हणाल्या. "कसा होता?"

क्षिप्रा बोलत राहिली. नाक रोहनसारखं होतं. एका गालाला खळी पडेल असं वाटत होतं. गेल्या काही दिवसांत कुणी तिला हे विचारलंच नव्हतं. बोलता बोलता ती रडली, आणि मग म्हणाली, मला भूक लागलीये. विनीताताईंनी मऊ भात टाकला.

निघताना क्षिप्राने विचारलं, "तुमच्या बाळाचं नाव काय होतं?"

"नाव नव्हतं ठेवलं," विनीताताई म्हणाल्या.

*

परतीच्या गाडीत शाळा सुटलेली मुलं होती. ती उतरली आणि डबा रिकामा झाला तसे विश्वास म्हणाले, "रोहन विचारत होता, काका, तुम्ही काय केलंत तेव्हा. मी सांगितलं त्याला."

"काय सांगितलंस?"

"जे केलं ते. मी बाळाजवळ होतो. तो जाईपर्यंत. नंतरचंही एकट्यानेच केलं. कुणी ओळखीचं नव्हतं ना तेव्हा." ते समोरच्या काचेकडे बघत बोलत होते. "तो काचेच्या पेटीत होता. हात घालायला एक भोक असतं, त्यातून बोट दिलं तर धरायचा. मी हाक मारत होतो त्याला. राजस म्हणून."

विनीताताईंना आधी नीट ऐकूच आलं नाही. मग ऐकू आलं, आणि त्यांना रागच आला. 

"तू नाव ठेवलं होतंस?"

"ठेवलं म्हणजे... हाक मारायला काहीतरी हवं होतं."

"तीस वर्षं, विश्वास! तीस वर्षं मी त्याला 'ते बाळ' म्हणतेय. मनातल्या मनातसुद्धा. आणि तुला नाव माहीत होतं?"

 जुराँग ईस्ट आलं. गाडी बदलायची होती, पण विनीताताई फलाटावरच्या बाकावर जाऊन बसल्या. चोआ चू कांगची गाडी आली, गेली. दुसरी आली. विश्वास त्यांच्यापासून थोड्या अंतरावर, पिशवी दोन्ही हातांत धरून उभे होते. चुकलेल्या विद्यार्थ्यासारखे.

"मला वाटायचं तुला नकोय तो विषय," शेवटी ते म्हणाले. "तू त्या दिवसाची गंमत करून सांगायचीस सगळ्यांना. कुकर नि शिट्टी. मला वाटलं, हिला असंच बरं वाटतंय तर असंच असू दे. आपण कशाला खपली काढा."

"मी गंमत करायचे, कारण तू उठून जायचास. ब्रेड आणायला."

 ते खरं होतं, आणि दोघांनाही ते आत्ताच कळलं होतं. पलीकडच्या फलाटावर घोषणा झाली, चार भाषांत, एकामागून एक. ती संपेपर्यंत विनीताताई थांबल्या. मग बाकावर सरकून त्यांनी जागा केली.

"बस इथे."

विश्वास बसले.

"कसा होता?"

"केस खूप होते. काळेभोर, ओले, कपाळावर आलेले. नर्स म्हणाली, एवढे केस क्वचित असतात." ते थांबले. "कान तुझ्यासारखे. खालची पाळी चिकटलेली. मी तेच बघत होतो सारखा. म्हटलं, हिला सांगायचं, कान तुझ्यावर गेलेत."

विनीताताईंनी नकळत कानाला हात लावला. मग रडू आलं, आणि ते त्यांनी येऊ दिलं. शेजारून जाणारी एक चिनी आजी थांबली, पिशवीतून टिश्यूचं पाकीट काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं, आणि गाडीत चढली.

त्या दिवशी ते दोघं घरी पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती.

*

कार्यक्रम रद्द झाला नाही. क्षिप्राने फिल्म आधीच पूर्ण करून ठेवली होती. विनीताताईंनी गार्गीला एवढंच सांगितलं की माझा भाग त्यातून काढ, मी समोर उभी राहून सांगेन. त्याआधी त्यांनी क्षिप्राला फोन केला. "तुमचं आहे, तुम्ही सांगा," क्षिप्रा म्हणाली. "माझं मात्र काही बोलू नका. मी येणार नाही, ताई. अजून नाही जमणार."

"नको येऊस. मी रविवारी येतेय तुझ्याकडे."

गार्गीच्या काँडोतल्या, म्हणजे तिच्या सोसायटीतल्या, हॉलमध्ये चाळीसेक बायका जमल्या. विश्वास दरवर्षी विनीताताईंना दारापर्यंत सोडायचे आणि मग तासन्‌तास चालायला जायचे. या वेळी ते आत आले आणि मागच्या रांगेत, खुर्च्यांच्या कडेला बसले. पहिल्या चौघींपैकी आता सिंगापुरात फक्त सविताताई उरल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या, बोलायला फटकळ. त्या पुढे बसल्या होत्या.

विनीताताईंनी कागद आणला नव्हता. जसं क्षिप्राला सांगितलं होतं तसंच सांगितलं. बाळ, ऑपरेशन, दूध. कोबी म्हटल्यावर मागच्या काही मुली हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. "सविता ओट्यापाशी बसून मेथी निवडत होती..." असं त्या म्हणाल्या, तेव्हा सविताताईंनी मध्येच तोंड घातलं.

"मेथी नव्हती. पालक होता. मेथी कुठली मिळायला तेव्हा?"

हॉल हसला. विनीताताईही हसल्या. मग म्हणाल्या, "बरं, पालक. त्या बाळाचं नाव राजस. हे मलाही गेल्याच महिन्यात कळलं."

सविताताईंनी मान वळवून मागे विश्वासकडे बघितलं. विश्वासनी मान खाली घातली होती.

टाळ्या वाजल्या नाहीत.  मग आर्या उठली. ही मंडळातली सगळ्यात नवी, तीन महिन्यांपूर्वी आलेली. तिने विचारलं, "ताई, ज्यांना नको वाटतं कुणी आलेलं, त्यांच्याकडे जायचं की नाही, हे ओळखायचं कसं?"

 विनीताताईंनी सविताताईंकडे बघितलं.

"नाही ओळखता येत," सविताताई म्हणाल्या. "दारात जायचं. घालवून दिलं तर परत यायचं. मला काय, पालक तर कुठेतरी निवडायचाच होता."

जेवणाच्या वेळी सविताताई हातात ताट घेऊन विश्वासच्या शेजारी जाऊन बसल्या. काय बोलणं झालं ते विनीताताईंना ऐकू आलं नाही. पण लांबून त्यांनी बघितलं, सविताताई आपल्या ताटातला श्रीखंडाचा वाटा विश्वासच्या ताटात ढकलत होत्या आणि विश्वास नको नको म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी विनीताताईंनी मेलबर्नला मुलीला, इराला, फोन केला. तुला एक मोठा भाऊ होता, हे त्यांनी तिला कधी सांगितलंच नव्हतं.  इरा इंग्रजीत म्हणाली, मम्मा, हे तू एकटीने सांभाळलंस? विनीताताई म्हणाल्या, "नाही गं, बाबाही होता. आम्ही दोघांनी वेगवेगळं सांभाळलं." आणि फोन स्पीकरवर टाकून त्यांनी विश्वासना हाक मारली.

*

सप्टेंबरच्या अखेरीस क्षिप्रा पुन्हा कामावर जाणार होती. दर रविवारी विनीताताई आणि विश्वास तांपिनीसला जात होते. रोहन आणि विश्वास खाली कॉफी पीत, वर या दोघी काहीबाही शिजवत. हसूही परत यायला लागलं होतं, मधूनमधून. पण ऑफिसचं नाव काढलं की क्षिप्राचा चेहरा पांढरा पडायचा. पैसे जमवून तिला पाळणा भेट दिलेली माणसं तिथे होती. लिफ्टमध्ये कुणीतरी विचारणार, बॉय ऑर गर्ल.

"नको जाऊस मग इतक्यात," विनीताताई म्हणाल्या.

"नाही. घरी बसून आणखी वाईट होतंय."

सोमवारी सकाळी विनीताताई एक्स्पो स्टेशनबाहेर उभ्या होत्या. गळ्यात पास अडकवलेली माणसं लोंढ्याने बाहेर पडत होती. क्षिप्रा रोहनबरोबर आली. तिने निळा कुडता घातला होता आणि हातात पाण्याची बाटली घट्ट धरली होती. थोड्या वेळाने गार्गीही येऊन उभी राहिली. तिची बँक तिथून दोन इमारती पलीकडे होती.

"साडेबाराला मी खाली असेन," गार्गी म्हणाली. "उद्या आर्या येईल. परवा परत मी."

"मला रोज कुणी नकोय गं."

"मग नको असेल त्या दिवशी सांग. आम्ही दुसऱ्या टेबलावर बसू."

क्षिप्राला हसू आलं. रस्ता ओलांडून ते सगळे तिच्या इमारतीपर्यंत गेले. काचेच्या दारापाशी ती थांबली.

"ताई, कुणी विचारलं तर काय सांगू?"

"तुला जे सांगावंसं वाटेल ते. काही नाही सांगितलंस तरी चालेल."

"आणि नाव सांगावंसं वाटलं तर?"

"तर नाव सांग."

क्षिप्राने पास काढला. आतल्या फाटकापाशी एक भारतीय बाई, बहुधा तिच्याच टीमची, तिला बघून थबकली. चहाचा कप हातात तसाच धरून ती पुढे आली आणि काहीतरी बोलली. काचेमुळे बाहेर काही ऐकू येत नव्हतं. क्षिप्राने आधी मान हलवली. मग ती बोलायला लागली, आणि ती बाई कप जवळच्या टेबलावर ठेवून नीट ऐकू लागली.